पानांची पिशवी

कागद जिन्याच्या भिंतीवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर चिकटवला होता. मल-सुनच्या दोन्ही हातांत तांदळाच्या धुवणाच्या बाटल्या होत्या आणि चष्मा वर गच्चीत मिरच्यांच्या खोक्यावर राहिला होता, म्हणून तिने तो नाक भिंतीला लागेल इतक्या जवळून वाचला.

गच्चीला गळती आहे. जुना हिरवा थर खरवडून नवा द्यायचा आहे. गच्चीवरच्या सर्व वस्तू शनिवारी सकाळपर्यंत हलवाव्यात. यापुढे गच्चीवर काहीही ठेवू नये. सहाही घरांची संमती आहे.

'सर्व वस्तू' हे शब्द तिने दोनदा वाचले. गच्चीवर पाण्याची निळी टाकी सोडली तर एकच वस्तू होती, आणि ती म्हणजे तिची बाग. एकतीस मिरच्या, आठच दिवसांपूर्वी लावलेली कोबीची चोवीस रोपं, टाकीच्या कठड्यावर चढलेला दुधीचा वेल. अकरा वर्षं या शेजाऱ्यांनी त्यातलं खाल्लं, आणि आता कागदावर तिला बाग म्हणायलासुद्धा यांची शाई संपली.

खाली सहा नावं होती आणि सहीऐवजी सहा लाल शिक्के. पाचवं नाव पांग मल-सुन, तिसरा मजला. पुढे तिचाच शिक्का, खालची कड तुटलेला.

तिने तो मारला नव्हता.

बाटल्या तिथेच पायरीवर ठेवून ती खाली निघाली. गुडघे एरवी प्रत्येक पायरीला कुरकुरायचे. आज त्यांची बिशाद नव्हती.

तळमजल्यावर ओक-बुनचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे शिवणयंत्र, मागे एक खोली, मध्ये पडदा. इमारतीचं सगळं तीच बघायची. वीजबिलाची वर्गणी, कचऱ्याचे दिवस, कुणाची पार्सलं. सगळी माणसं दिवसभर कामावर, कुणी गोदीत, कुणी मासळी बाजारात, म्हणून सगळ्यांनी आपापले लाकडी शिक्के तिच्याकडे बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिले होते. नगरपालिकेचा माणूस आला, टपाल आलं, की ओक-बुन डबा उघडायची आणि ज्याचा त्याचा शिक्का उठवायची. योंगदो बेटाच्या त्या चढावर अशा डब्याचं कुणाला नवल नव्हतं.

ओक-बुन एका पँटच्या पायाची कड दुमडत होती. तोंडात चार टाचण्या.

"टाचण्या काढ," मल-सुन म्हणाली.

"हं?"

"काढ म्हणते ना. मला उत्तर देताना तोंड रिकामं पाहिजे."

ओक-बुनने एकेक टाचणी काढून मनगटावरच्या उशीत खोचली. जितका वेळ लावता येईल तितका लावला.

"ताई, बसा तरी."

"बसले की उठायला वेळ लागतो. कागदावर माझा शिक्का कोणी मारला?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

"मी?"

"गॅसची पाइपलाइन आली तेव्हा. मी कागद घेऊन वर आले, तर म्हणालात, गुडघ्यांनी जीव नकोसा केलाय आणि तू मला कागदासाठी दार उघडायला लावतेस. कुठलाही कागद असो, मारून टाक, विचारायला म्हणून येऊ नकोस."

म्हणाली होती. अगदी याच शब्दांत म्हणाली होती, आणि वर ओक-बुनच्या हातात दुधी दिला होता. स्वतःचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तिचा राग दुप्पट झाला, कारण आता त्यात तिचा स्वतःचाही वाटा आला होता.

"गॅसची नळी आणि माझी बाग तुला सारखीच वाटली?"

"नाही वाटली."

"मग?"

ओक-बुनने पँट मांडीवर सरळ केली. "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणून विचारलं नाहीस."

"म्हणून विचारलं नाही."

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. विसरले म्हणाली असती, गडबडीत चुकून झालं म्हणाली असती, तर मल-सुनने तिला तिथल्या तिथे फाडून खाल्लं असतं आणि संध्याकाळी परत चहा प्यायली असती. हे सरळ उत्तर कुठे ठेवावं ते तिला कळेना.

"अकरा वर्षं माझ्या मिरचीची किमची खातेस तू, पुढारीणबाई," ती म्हणाली. "शिक्का उठवताना हाताला झोंबली नाही का गं थोडीसुद्धा?"

आणि उत्तराची वाट न बघता वर निघाली.

एकसष्ट पायऱ्या. त्या तिला पाठ होत्या, कारण सगळी गच्ची तिने त्यांवरून वर नेली होती. टेकडीच्या मागची माती, तांदळाच्या रिकाम्या पिशवीत, पाठीवर, एका फेरीला सात-आठ किलो. त्या वेळी ती माशांच्या वड्यांच्या कारखान्यात कामाला होती. सकाळी कामाआधी एक फेरी, कामानंतर एक. मासळी बाजारातून थर्माकोलची खोकी आणली, ती आठवडाभर धुतली तरी मांजरं तिच्या मागे जिना चढायची. खोक्याला भोक तळाला पाडायचं नाही, बाजूला पाडायचं, तळापासून दोन बोटं वर, म्हणजे खाली थोडं पाणी राहतं आणि ऑगस्टच्या उन्हात रोप मरत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात सगळी मिरची मेली तेव्हा कळलं.

जागा म्हणाल तर टाकी आणि जिन्याची खोली यांच्यामध्ये आठ पावलं लांब, पाच पावलं रुंद. त्यात चालायला एकच वाट, तीही आडवं होऊन. मिरची मागे, तिच्या सावलीत सलाडची पानं, कठड्याला टांगलेल्या फुटक्या पन्हळीत कांद्याची पात. समुद्रावरचा वारा मिरची उपटून नेतो म्हणून प्रत्येक रोपाला एक काठी, काठ्या म्हणजे मोडक्या छत्र्यांच्या दांड्या आणि जुन्या झाडूंचे दांडे. वाऱ्याबरोबर मीठ येतं, म्हणून दमट वारा सुटला की दुसऱ्या दिवशी एकेक पान गोड्या पाण्याने धुवायचं. खताला बाजारातल्या तेलाच्या घाण्यावरची तिळाची पेंड. आणि तांदळाचं धुवण सहाही घरांचं. रोज सकाळी प्रत्येक दाराबाहेर बाटली. ती बाटली घ्यायची, आणि काही तयार असेल तर दाराच्या मुठीला पानांची पिशवी अडकवायची.

मुलगा उल्सानहून फोनवर म्हणायचा, आई, कोबी दुकानात मिळतो. ती म्हणायची, आईसुद्धा मिळते का बघ, स्वस्त असेल तर घे एक.

नोव्हेंबरात सगळी इमारत तिच्या कोबीची किमची, हिवाळाभर पुरणारं तिखट लोणचं, एकत्र घालायची. चोवीस कोबी, घरटी चार. अजून सव्वादोन महिने हवे होते. शनिवारला पाच दिवस होते.

तिने गच्चीत जाऊन चष्मा शोधला, तो घातला, कोबीच्या रोपांकडे पाहिलं. प्रत्येकाला पाच-सहा पानं, हाताच्या तळव्याएवढी. आता हलवली तर मुळं दुखावतील, धरणार नाहीत. मग तिने चष्मा काढून खिशात घातला, कारण चौथ्या मजल्यावर भांडायला जायचं होतं आणि तिथे नीट दिसण्याची गरज नव्हती.

गळती चौथ्या मजल्यावरचीच असणार. तिथे सल्बी राहायची, दोन वर्षांपूर्वी लग्न करून आलेली, कडेवर वर्षाचं मूल. नवरा जहाजावर, सहा महिने इथे, सहा महिने पाण्यात. मल-सुन तिला नावाने कधीच हाक मारायची नाही.

"बाळाची आई, दार उघड."

दार उघडलं. मूल कडेवर होतं, नाक वाहत होतं.

"आजी, या ना आत."

"आत यायला नाही आले. एवढं विचारायला आले की तुमच्या घरात एक थेंब पडला, तर वर गच्चीत म्हातारीकडे यायला काय झालं होतं? चौदा पायऱ्या आहेत मध्ये. मोजून चौदा. कागद टाइप करायला त्याहून जास्त वेळ लागला असेल."

"आजी, आधी बघा तरी."

"मला काय दाखवतेस."

पण ती गेली. मागच्या खोलीत बाळाची गादी दारापाशी ओढलेली होती, कारण बाकीच्या खोलीत ती घालायला जागा नव्हती. छताचा कागद एका कोपऱ्यातून सुटून लोंबत होता आणि त्याखाली काळी बुरशी, चटईएवढी पसरलेली. खाली एक टोप. टोपात पाणी. गेले चार दिवस पाऊस नव्हता.

मल-सुनने मान वर करून मनात गच्ची मांडली. टाकी इथे, जिना तिथे. त्या कोपऱ्यावर बरोबर काय होतं ते तिला चष्म्याशिवायही कळलं. लाल रबरी घंगाळ. दुधीचं. रोज सकाळी दोन बादल्या.

"रात्रभर खोकतो," सल्बी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, खोली बदला. कुठली बदलू? दोनच आहेत."

"मग बोलायचं ना," मल-सुन म्हणाली, पण आवाज मघाचा राहिला नव्हता. "तोंड नव्हतं का तुला?"

"तीनदा आले होते वर."

"कधी?"

"पहिल्यांदा मेमध्ये. मी म्हटलं, आजी, एक बोलायचं होतं. तुम्ही म्हणालात, थांब, आणि पानं तोडायला लागलात. पिशवी भरून दिलीत. बाळंतिणीने हिरवं खावं म्हणालात. दुसऱ्यांदा आले तर मिरच्या दिल्यात. तिसऱ्यांदा तर मी दारात दिसले तेव्हाच तुम्ही म्हणालात, आलीस का, तुझ्यासाठीच काढून ठेवलंय." तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "हातात पिशवी असताना कसं बोलणार, आजी? तुम्हीच सांगा. तुमची बाग माझ्या घरात गळते, असं म्हणायचं आणि वर, पानांबद्दल आभार?"

मल-सुनने टोप पायाने थेंबाखाली नीट सरकवला.

"खालच्या टॅक्सीवाल्या मेंगकाकांनाही माहीत होतं," सल्बी म्हणाली. "मी त्यांना म्हटलं, तुम्ही सांगा. ते म्हणाले, मी काल तिचा दुधी खाल्ला, मी कसा सांगू. सगळे तेच म्हणाले. मग मी ओक-बुनताईंकडे गेले. त्यांनीही खाल्लं होतं, पण त्या म्हणाल्या, कुणीतरी वाईट व्हायला पाहिजे, मी होते."

जिन्यात आल्यावर मल-सुन चौदा पायऱ्यांच्या मध्येच थांबली. तिला वाटलं होतं, भांडून आलं की अंग हलकं होईल. आता अंगात राग तेवढाच होता आणि तो कुणावर टाकावा ते कळत नव्हतं. अकरा वर्षं ती या लोकांच्या दारांना पिशव्या अडकवत होती. किती चांगली बाई, असं ते म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. आवडायचं म्हणजे काय, त्याच्यासाठी तर ती पाच वाजता उठायची. आणि हे सगळे त्या पिशवीला घाबरत होते. पान तोंडात घालत होते आणि तोंड मिटत होते.

मेल्यांनो, तिने भिंतीला सांगितलं, आवडत नव्हतं तर थुंकायचं होतं.

बुधवारी ओक-बुन वर आली. तीही गुडघ्यांची माणूस, दम खात आली. मल-सुन मिरच्या तोडत होती. तिसरी तोडणी, सगळ्यात लाल. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"शनिवारी रंगाचा माणूस येईल," ओक-बुन म्हणाली. "तो सगळ्यांसमोर विचारतो, सगळ्यांची संमती आहे ना म्हणून. एकाची नसली तर रंगाचा डबा उघडत नाही, मागे कुठेतरी हात पोळलेत त्याचे. तुम्ही सांगा, शिक्का मी दिला नव्हता. मी नाही म्हणणार नाही. न विचारता मारला हे कबूल करेन. काम थांबेल. थंडीत होत नाही हे काम, मग थेट वसंतात. तोवर तुमची किमची होऊन जाईल."

"आणि तुझं काय?"

"माझं काय. शिक्के परत देईन ज्याचे त्याला. उद्या कोण कपडे देईल शिवायला, ते बघू."

मल-सुनने एक मिरची इतक्या जोरात ओढली की फांदीच हातात आली.

"वा," ती म्हणाली. "छान सोय केलीस. बाग वाचवायची तर तुझं तोंड काळं करायचं, आणि खाली त्या पोराच्या छातीत सबंध हिवाळा बुरशी घालायची. नाही वाचवली तर चोवीस कोबी माझ्या हाताने उपटायचे. शिक्का विचारून मारला नाहीस, हे मात्र विचारून करतेस."

"ताई, मी चुकले म्हणतेय."

"तू चुकली नाहीस, तीच तर आग आहे. चुकली असतीस तर मी तुला कधीच माफ करून टाकलं असतं."

ओक-बुन जायला वळली. तेवढ्यात सवयीने मल-सुनचा हात मिरच्यांच्या टोपलीकडे गेला, मूठभर उचलून देण्यासाठी. अर्ध्या वाटेत तिने तो हात मागे घेतला. ओक-बुनने ते पाहिलं. रिकाम्या हातांनी ती खाली गेली.

शनिवारी सकाळी सगळे गच्चीवर आले. सहा घरं, नऊ माणसं, आठ पावलांच्या जागेत कोंबलेली. मेंगकाका जाळीची बनियन घालून, रात्रपाळीचे डोळे चोळत. सल्बी मूल घेऊन. दुसऱ्या मजल्यावरचे नवरा-बायको सगळ्यात मागे, जणू रांगेत चुकून उभे राहिलेत. ओक-बुन जिन्याच्या दारापाशी. रंगाच्या माणसाने पायाने जुना थर दाबून पाहिला, टाकीभोवती फिरला, मान हलवली.

"खोकी अजून इथेच आहेत की," तो म्हणाला. "संमती आहे ना सगळ्यांची? आत्ता सांगा. थर खरवडल्यावर कुणी आडवं आलं तर मी ऐकणार नाही."

सगळ्यांनी मल-सुनकडे पाहिलं आणि लगेच समुद्राकडे पाहिलं. ओक-बुनने मात्र नजर हलवली नाही.

"तुम्ही, आजी?" तो म्हणाला. "कागदावर शिक्का आहे तुमचा."

"शिक्का माझा आहे," मल-सुन म्हणाली. सल्बीच्या कडेवरचं मूल खोकलं, आणि तिला त्याचाही राग आला, की अगदी आत्ताच खोकायला हवं होतं का. "कर काम."

ओक-बुनने श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू गेला.

"पण खोकी मी उचलणार नाही," मल-सुन म्हणाली. "एकसष्ट पायऱ्या ही माती मी चढवली, एकटीने, पाठीवर. ज्यांनी शिक्के मारले, ज्यांनी मारू दिले, ज्यांना माहीत होतं आणि दुधी खाऊन गप्प बसले, त्यांनी ती उतरवायची. मेंग, तू आधी. मिरच्यांच्या काठ्या धरून उचलू नकोस, बूड धर. बूड म्हणजे खालचं. तुझं नाही, खोक्याचं."

मेंगकाका वाकले.

"आणि उतरवून उकिरड्यावर टाकायची नाहीत. घरटी चार कोबी. जिथे ऊन येतं तिथे ठेवायचे. तुझ्या टॅक्सीच्या जागेत येतं, टॅक्सी बाहेर लाव. दुसऱ्या मजल्यावाल्यांनो, तुमच्या खिडकीत येतं दुपारी, तिथले बूट हलवा. उरलेले पुढारीणबाईंच्या दुकानासमोर. शिवणाला उजेड कमी पडला तर पडू दे. रोज पाणी घालायचं, कमी, पानावर नाही, बुडाला. मेला तर मला सांगायला येऊ नका. मला कळेल."

दोन तास ती जिन्याच्या दारात पाटावर बसून त्यांना शिव्या देत होती. असं नाही, तसं धर. मूळ तुटलं की नाही बघ. रोप हलवलंस तर तुला हलवीन. दुसऱ्या मजल्यावरची बाई दोन खोक्यांत रडायला आली, तरी मल-सुनने तिला पाणी विचारलं नाही. कुणाच्याही हातात तिने एक पानसुद्धा दिलं नाही, आणि मागायची कुणाची हिंमत झाली नाही.

शेवटी लाल घंगाळ राहिलं. मेंगकाका आणि रंगाचा माणूस दोघांनी मिळून ओढलं तर हललं नाही. वेल कापला, पुन्हा ओढलं, तेव्हा फाटल्यासारखा आवाज झाला. घंगाळाच्या तळातून दुधीचं मूळ बाहेर पडलं होतं आणि हिरव्या थराखालच्या भेगेत शिरलं होतं, बोटाएवढं जाड, पांढरं, ओलं. भेग वीतभर लांब होती.

सगळे बघत राहिले. कुणी मल-सुनकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं त्यापेक्षा तिला ते जास्त लागलं.

"बघताय काय," ती म्हणाली. "उचला."

त्यानंतर ती ओक-बुनशी बोलली नाही. सप्टेंबर गेला, वादळ एक येऊन गेलं, गच्ची नव्या हिरव्या रंगाने चकाकत होती असं ऐकलं. मल-सुन वर गेली नाही. सल्बीच्या छताला नवा कागद लागला. बाळाची आई स्वतः खाली येऊन सांगून गेली, आणि मल-सुन म्हणाली, बरं झालं, आणि दार लावून घेतलं. धुवणाच्या बाटल्या दारांबाहेर येणं बंद झालं, कारण त्या गोळा करणारं कुणी नव्हतं. प्रत्येक घर आपलं धुवण आपल्या कोबीला घालत होतं.

येता-जाता ती पाहायची, न थांबता. मेंगकाकांचे चारही जगले होते, त्यांनी रोपांभोवती टॅक्सीच्या सीटचं जुनं कव्हर बांधलं होतं वाऱ्यासाठी. दुसऱ्या मजल्याचे दोन गेले. ओक-बुनच्या दुकानासमोर सोळा होते, त्यातले तीन गेले. उरलेले गड्डा बांधायला लागले होते, आतली पानं एकमेकांना धरून.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका सकाळी, सात वाजता, मल-सुन बाजाराला निघाली. ओक-बुन दुकानासमोर ओट्यावर उकिडवी बसली होती, नाकावर शिवणाचा चष्मा, हातात धागे उसवायचा चिमटा. कोबीवर अळ्या पडल्या होत्या. एकेक हिरवी अळी चिमट्यात धरून ती पाण्याच्या भांड्यात टाकत होती, जणू कुणाच्या रेशमी कपड्यातली टाचणी काढतेय. पानांना बारीक बारीक भोकं पडली होती. हा उद्योग तिने तीन-चार दिवस केला असावा, आणि तरी अळ्या तेवढ्याच होत्या.

मल-सुन पुढे गेली. कोपऱ्यापर्यंत गेली. मग परत आली, पिशवी खांद्यावर सरकवली. राग तसाच होता. तिने तो सोडला नव्हता आणि सोडणारही नव्हती, निदान किमची होईपर्यंत तरी.

"वरून काय बघतेस," ती म्हणाली. "पान उलट. अंडी खाली असतात. अंडी राहिली की अळ्या संपत नाहीत."

ओक-बुनने मान वर केली नाही. पान उलटलं. पिवळ्या ठिपक्यांची रांग होती.

"चिरडू?"

"नाही, उबव. चिरड की."

ओक-बुनने चिमटा पुढे केला.

"चिमटा ठेव तो. बोटाने कर, दोन्ही हातांनी. तुझी बोटं स्वच्छ राहावीत असं मला मुळीच वाटत नाही."